दादाच्या हाताची सुट्टी

माझा मोठा भाऊ जगन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारला आणि त्याचा उजवा हात त्यानंतरही रोज सकाळी व्यायामाला जात राहिला.

आम्हाला हे तेरावं झाल्यावर कळलं. रावेरच्या ज्या केंद्रात दादाचे उपचार चालू होते तिथून फोन आला. "जगन सपकाळेंचे नातेवाईक का?" बाईंनी विचारलं. "तुमचा पेशंट एकटाच येतोय. सोबत नातेवाईक असल्याशिवाय आम्हाला व्यायाम देता येत नाही."

"बाई, तो वारला."

"ते कळलं आम्हाला. मी हाताचं बोलतेय. उद्या सकाळी कुणीतरी या. आणि पाण्याची बाटली आणा, इथला फिल्टर बंद आहे."

मी फोनवर वाट्टेल ते बोललो. दादा ज्याच्यासमोर व्यायाम करायचा तो तिथला टीव्ही फोडायचा असं ठरवून दुसऱ्या दिवशी निघालो. पाण्याची बाटली घेतली होती.

दादा केळीच्या गाड्या भरायच्या टोळीत होता. मीही त्याच टोळीत आहे. उन्हाळ्यात त्याला लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. केंद्रात मिनल फिरके नावाची फैजपूरची मुलगी अशा रोग्यांसाठी व्हिडिओ गेम तयार करते. टीव्हीवर कॅमेरा बसवलेला असतो. समोर बसलेल्या माणसाचा हात टीव्हीत दिसतो आणि त्या हातानं टीव्हीतल्या वस्तू उचलायच्या असतात. आधी तिनं फुगे ठेवले होते. दादा त्यांच्याकडे बघेना. "ताई, फुगे लहान पोरांना द्या," तो म्हणाला. "मला काही काम द्या."

मग मिनल आमच्याबरोबर बागेत आली. घड कसा कापतात, खांद्यावर कसा घेतात, गाडीत खाली पाला टाकून कसा रचतात, सगळं तिनं मोबाइलमध्ये घेतलं. पुढच्या आठवड्यात टीव्हीत केळीची बाग आली, बाजूला गाडी उभी राहिली आणि दादाचा हात पहिल्यांदा कोपरातून हलला. त्यावरही त्याची तक्रार होतीच. "घडाला वजन नाही, ताई. कागदाचा आहे का?" तिनं वजन घातलं. जड घडाला जास्त वेळ लागायला लागला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. पोळ्याला त्यानं शेजारच्या बैलाची शिंगं डाव्या हातानं रंगवली, उजव्यानं डबा धरला. दुसऱ्या दिवशी लकव्याचा दुसरा झटका आला.

मी केंद्रात पोचलो तेव्हा टीव्हीसमोरची खुर्ची रिकामी होती आणि टीव्हीत दादाचा हात घड उचलत होता. मनगटावरच्या काळ्या दोऱ्यावरून मी ओळखला. कोयत्याची जुनी खूणही अंगठ्याखाली होती.

"बसा," व्यायाम देणारे भंगाळे सर म्हणाले. "नातेवाईकांची खुर्ची ती, भिंतीकडची."

"हा माझ्या भावाचा हात आहे."

"हो. चांगला सुधारतोय."

"माणूस गेल्यावर हात कसा सुधारेल?"

"म्हणूनच सुधारतोय," सर म्हणाले. "तुमचे भाऊ लबाडी करायचे. हात वर न्यायच्या ऐवजी खांदा उडवायचे. सगळेच करतात. आता खांदाच नाही, तर लबाडी कशी करणार?"

हे मला पटलं. दादा लबाड होताच. मी बाटली खाली ठेवली आणि बसलो. टीव्ही फोडायचा राहिला.

मग मी रोज जायला लागलो. आधी केंद्र, नंतर काम. टोळीतल्यांनी विचारलं तर सांगायचो, दादाच्या हाताला घेऊन गेलो होतो. ते म्हणायचे, "बरं आहे का आता?" मी म्हणायचो, बरं आहे. हात चुकला की मी खुर्चीवरून ओरडायचो, "अरे, बुडाशी धर ना, पोटाशी काय धरतो!" तेव्हा हात थांबायचा आणि बागेत दादा मला जशी बोटं उडवून दाखवायचा तशी दाखवायचा. म्हणजे, तू गप बस.

"ओरडू नका हो," मिनल म्हणायची. "त्याला कान नाहीत."

"कान होते तेव्हा तरी कुठे ऐकायचा?"

गाडी भरली की आमच्यात मागच्या फाळक्यावर दोन थापा मारतात. त्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही. ज्यानं थापा मारल्या तो मागे लटकून त्याच्या घरापर्यंत जातो आणि उतरतो. मिनलनं थापा बागेत पाहिल्या होत्या, पण गेममधली गाडी नुसती चित्रातली होती. तिला इंजीन नव्हतं. व्यायाम हाताचा होता, गाडीचा नव्हता. त्यामुळे दादाचा हात रोज गाडी भरायचा, फाळक्यावर दोन थापा मारायचा आणि टीव्ही बंद होईपर्यंत फाळक्याला धरून थांबायचा.

दिवाळी झाल्यावर भंगाळे सरांनी हात तपासला आणि म्हणाले, "छान. शनिवारी सुट्टी देऊ. नातेवाईकांनी घेऊन जायचं."

"कसा घेऊन जाऊ?"

"ते केंद्राकडे येत नाही," सर म्हणाले.

मिनलनं मला बाजूला घेतलं. "युवराजभाऊ, मी गाडीला इंजीन घालू शकते. थाप मारली की गाडी निघेल. हात मागे लटकून जाईल."

"आणि परत?"

"परत कशाला येईल? बरा झाला ना तो."

"नको," मी म्हणालो. "त्यापेक्षा गाडी उंच कर. अजून कच्चा आहे हात."

तिनं गाडी उंच केली. हातानं ती भरली. मग मी पावसात भिजलेले घड घालायला लावले, ते निसटतात. हातानं तेही भरले. मग दोन-दोन घड एकदम. जागून जागून मिनलचे डोळे लाल व्हायला लागले होते, पण माझा चेहरा बघून ती नाही म्हणत नसे. भंगाळे सर मात्र म्हणाले, "हे बरोबर नाही. बरा झालेला पेशंट ठेवून घेतला की जागा अडते. बाहेर लोक थांबलेत."

"थांबू द्या त्यांना!" मी म्हणालो. खुर्चीला लाथ मारली. खुर्ची नातेवाईकांचीच होती, म्हणून कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदावहिनी माझ्याबरोबर आली. दादा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. ती खुर्चीवर बसली आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. हातानं दोन-दोन घड उचलून उंच गाडी भरली. मग तो कपाळावरचा घाम पुसायला वर गेला. कपाळ नव्हतं. हातानं थोडं इकडे, थोडं तिकडे चाचपून पाहिलं आणि तो तसाच खाली आला.

मी हे रोज बघत होतो. मला वाटायचं, माशी हाकलत असेल.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "दमलाय तो."

"बरा होतोय, वहिनी."

"बरा झालाय. तुम्ही त्याला घरी का येऊ देऊन नाही राहिले?"

वहिनी मिनलकडे वळली. "पोरी, गाडी आमच्या दारावरून नेता येईल का?"

"येईल. मला दार बघावं लागेल."

"चल मग. चहा घे, दार बघ. निळं आहे, खालून रंग उडालाय, तो तसाच ठेव. आणि ड्रायव्हर न पिणारा घाल."

मिनलनं शनिवारपर्यंत इंजीन घातलं, रस्ता घातला, निळं दार घातलं. ड्रायव्हरच्या कपाळाला गंध लावलं, म्हणजे वहिनीची खात्री पटावी.

शनिवारी आम्ही तिघं टीव्हीसमोर होतो. भंगाळे सर दारात उभे होते. हातानं गाडी भरली. फाळक्यावर दोन थापा मारल्या आणि रोजच्यासारखा फाळका धरून थांबला. गाडी सुरू झाली. हात दचकला. मग त्यानं फाळका घट्ट धरला.

बाग मागे गेली. रस्ता आला, आमच्या गावची वेस आली, पिठाची गिरणी आली. निळ्या दारासमोर गाडी थांबली आणि हात उतरला. ड्रायव्हरला निरोप द्यायला तो सरळ वर गेला, पूर्ण, जिथे कान असतो त्याच्याही वर.

"हेच," भंगाळे सर हळूच म्हणाले. "हेच मी जूनपासून सांगत होतो."

हातानं दार ढकललं. आत गेला. दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"कडीचा आवाज मी घातला नव्हता," मिनल म्हणाली.

"आमची कडी अशीच वाजते," वहिनी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, काही खाल्लं का सकाळपासून?"

मी सकाळपासून खाल्लं नव्हतं. सकाळपासून काय, पोळ्यापासून मला भूकच लागली नव्हती. आता पोटात कावळे ओरडत होते. छाती इतकी मोकळी वाटत होती की मी दोनदा उगाच मोठा श्वास घेऊन पाहिला. मिनलनं टीव्ही बंद केला. त्या दिवशी लाथ मारलेली खुर्ची मी भिंतीशी नीट लावली.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची सून बसली होती. दोघींच्या मध्ये पाण्याची बाटली होती. म्हातारीनं माझा हात धरला. "दादा, किती वेळ लागतो हो आत? आमच्या मालकांचा गुडघा आलाय."

"मालक कधी गेले?"

"दसऱ्याला."

"मग काळजी करू नका, आजी," मी म्हणालो. "बरा होईल."

आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर मी आणि वहिनीनं भजी खाल्ली.