भोईरकाका सोबत येतात

आमच्या बिल्डिंगमध्ये दात कुणाचाही दुखो, चपला आधी भोईरकाका चढवतात. आपण गालावर हात धरून जिन्यात दिसलो की संपलं. "रूट कॅनल! शंभर टक्के रूट कॅनल. चला, मी येतो सोबत." आपण म्हणावं, काका, अजून डॉक्टरला दाखवलंसुद्धा नाही. तोवर हे खाली रिक्षा थांबवून उभे.

काका आनंदनगरच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झाले. लग्न केलं नाही. अंबरनाथला आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. "माझं सगळं गणगोत वांगणीला," असं मात्र येताजाता सांगतात. ते गणगोत आम्ही काही कधी पाहिलेलं नाही.

त्यांची दाताची डॉक्टर ठरलेली, उल्हासनगर कॅम्प पाचमधली. सिंधी बाई, हात हलका. काका दारात दिसले की ती हसते, "आओ काका, आज किसको पकड के लाए?" वाटेत काका पेशंटला धीर देतात, म्हणजे असलेला घालवतात. "काय नाय हो. नस म्हंजे वायर. वायर खेचली, लाईन बंद, विषय संपला!" मग खुर्चीपाशी उभं राहून पेशंटच्या पायाचा अंगठा गच्च धरून ठेवतात. का, तर म्हणे, "कंपनीत शिकलोय, जॉब हलला की ड्रिल मोडतं." जॉब म्हणजे ड्रिलखाली धरलेला तुकडा; इथे मी.

घरी आल्यावरही सुटका नसते. संध्याकाळी तांदळाची पेज घेऊन हजर. "त्या बाजूनं चावलंत काय?" ही चौकशी गॅलरीतून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. एकदा मी बाजारात चोरून दाल-पकवान खात होतो, तेही कुडुमकुडुम दुखऱ्या बाजूनेच, आणि काकांनी मला रंगेहाथ पकडलं. नंतर कितीतरी दिवस बिल्डिंगला तोच विषय पुरला.

म्हणून माझ्या दातावर कॅप बसवायच्या दिवशी मी त्यांना पत्ता लागू दिला नाही. जिना अगदी मांजराच्या पावलांनी उतरलो. दवाखान्यात जाऊन टेकतो न टेकतो तोच डॉक्टर बाहेर आली.

"भोईरकाकांचे रिलेटिव्ह कोन आहे?"

इंजेक्शनमुळे पेशंटचं तोंड बधिर असतं, तेव्हा पुढच्या सूचना सोबतच्या माणसाला द्यायच्या, ही तिथली पद्धत. कुणीच उठलं नाही.

"काका तो बोले, भतीजा बाहर बैठा है."

सगळ्यांना हाताला धरून आणणारा हा माणूस स्वतःच्या दातासाठी एकटाच आला होता, आणि आत खुर्चीवर बसून खोटं बोलला होता. मला फार वाईट वाटलं. मी उठलो. "मी पुतण्या."

"आप? आप तो पडोसी हो ना?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तेवढ्यात काका बाहेर आले. ओठ एका बाजूला लोंबलेला. मला बघून जागीच थबकले. डॉक्टर मला सांगू लागली, "गरम देऊ नका. त्या साइडने चावायचा नाही." या सूचना आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं ओरडून सांगणारे काका मान खाली घालून मुकाट ऐकत राहिले.

माझी कॅप तशीच राहिली. आम्ही रिक्षात बसलो.

"पुतण्या यायचा होता का?" मी विचारलं.

काकांनी रुमालानं ओठ पुसला. जड जिभेनं म्हणाले, "बोलावलंच नाय त्याला."

"का हो? निदान आम्हाला तरी सांगायचंत. बिल्डिंगमधलं कुणीही आलं असतं."

काकांनी रुमाल घडी करून खिशात घातला.

"आन् बोलावूनसुद्धा कोन आलं नसतं तर?"