कलम नऊ आणि भैरवगढचे रुमाल

"उज्जैनीत यापुढे बिल्ल्याशिवाय कुणी दारावर सुईसुद्धा विकणार नाही!" अशी घोषणा भय्यासाहेब पोतनिसांनी संक्रांतीच्या आदल्या दिवशी जेवता जेवता केली. ऐकायला एकट्या अहल्याबाई होत्या, आणि त्या तीळ भाजत होत्या.

"सुई नका हो बंद करू. उशांचे अभ्रे शिवायचेत."

"बंद नाही, परवाना! रामसिंगला सांगून ठेवलंय, माझी घरवाली सापडली तरी सोडू नकोस म्हणून!"

पोतनिसांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेर दरबारात लेखणी चालवली. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला, तेव्हा लेखणी तेवढी उरली, दरबार गेला. भय्यासाहेब पालिकेत परवाना-निरीक्षक झाले, पण हंगामी. नव्या राज्यात कोणाला कायम करायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवायला इंदूरहून खरगोणकरसाहेब आले होते. भय्यासाहेबांना घरी बसण्याची भयंकर धास्ती होती, कारण घरी अहल्याबाई होत्या आणि तिथे त्यांची घोषणा कुणी ऐकत नसे.

म्हणून त्यांनी फेरीवाल्यांचे नियम स्वतः बसून लिहिले होते. त्यातलं कलम नऊ म्हणजे त्यांच्या बुद्धीचा कळस! फेरीवाला पकडला की ठरलेलं उत्तर असे, "बाबूजी, बेच थोड़ी रहा हूँ, भाभीजी को यूँ ही दे दिया." त्यावर कलम नऊ: 'जो कोणी दारोदार जाऊन वस्तू विकील, दाखवील अथवा फुकट देईल, तो फेरीवाला समजावा.' आता सुटून दाखव!

अंमलबजावणीला रामसिंग होता. भिंडहून नुकताच आलेला शिपाई. उंची दाराएवढी, आणि समज दाराच्या कडीसारखी: एकदा लागली की लागली.

"साहेबांना तुम्ही सांभाळा, त्यांच्या बाईंना मी सांभाळते," अहल्याबाई म्हणाल्या. "संक्रांतीचं वाण म्हणून भैरवगढचे छापील रुमाल आणलेत. बाईंना घेऊन हळदीकुंकवाला फिरते. चार घरी ओळखी होतील."

दुसऱ्या दिवशी कचेरीत खरगोणकरसाहेब नियम वाचत होते. आठ कलमं त्यांनी जांभई देत उलटली. नवव्यावर मात्र बोट थांबलं. भुवया वर गेल्या. त्या कौतुकाने गेल्या की रागाने, हे भय्यासाहेबांना कळेना. त्यांनी मधलं हसू करून ठेवलं. म्हणजे कुठेही वळवता येईल असं.

तेवढ्यात दारात रामसिंगने सलाम ठोकला.

"साब, माधव नगर में दो फेरीवालियाँ पकड़ी हैं! घर-घर जाती हैं। एक माल उठाती है, दूसरी बाँटती है। पूछा तो बोलीं, मुफ़्त दे रहे हैं!"

"शाबास! आत आण!" भय्यासाहेब गरजले.

दोघी आत आल्या. वाटणाऱ्या अहल्याबाई होत्या. माल उचलणाऱ्या बाईंच्या काखेत रुमालांचं गाठोडं होतं, ओटीत तिळगूळ होता आणि कपाळभर पाच घरचं कुंकू. त्या खरगोणकरबाई होत्या!

"अहो, हा धटिंगण काही ऐकेच ना!" बाई साहेबांना म्हणाल्या. "मी म्हटलं वाण आहे, तर म्हणतो, वाण का लाइसेन्स दिखाओ!"

"रामसिंग! गधे! ये हमारी घरवाली है!" भय्यासाहेब ओरडले.

"जी साब, पहचान लिया था," रामसिंग अभिमानाने म्हणाला. "आपने ही कहा था, घरवाली हो तो भी मत छोड़ना!"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. गाठोड्याकडे पाहिलं. मग अगदी थंड आवाजात विचारलं, "पोतनीस, हे कलम नऊ कुणाच्या डोक्यातून निघालं?"

भय्यासाहेबांच्या डोळ्यांपुढून पेन्शन पाठ फिरवून निघून गेली. त्यांनी बोट उचललं आणि ते रामसिंगकडे वळलं.

"याच्या, साहेब! मी नुसतं लिहून घेतलं."

आपलं नाव निघालंसं वाटून रामसिंगने पुन्हा सलाम ठोकला.

"शिपायाच्या?"

"फार विचारी आहे, साहेब!"

"कमाल आहे!" साहेबांनी फाइल मिटली. "अर्धा मध्य भारत तपासला. सगळीकडे फेरीवाले 'असंच दिलं' म्हणून सुटतात. ही पळवाट बुजवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. आणि वर साहेबाच्या बायकोलाही धरून आणतो! याला आजच कायम करा."

"साहेब... तसं पाहिलं तर मसुद्यात माझाही थोडा..."

"तुम्ही नुसतं लिहून घेतलंत. खरं सांगितलंत, हे मला आवडलं. तुमची हंगामी मुदत वर्षभर वाढवतो."

पुढच्या संक्रांतीला अहल्याबाई पदराला बिल्ला टाचून, रीतसर परवाना काढून वाण वाटायला निघाल्या. परवान्यावर सही भय्यासाहेबांचीच होती, हुद्दा हंगामी. एक ठसठशीत रुमाल निवडून अहल्याबाईंनी सगळ्यांत वर ठेवला.

"हा कुणाला?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"रामसिंगच्या बायकोला."

"पहिलं वाण तिला?"

"मग!" अहल्याबाई चपला घालत म्हणाल्या. "आपल्या ओळखीत कायम नोकरीवाला तेवढाच एक आहे!"