एकट्याची जाळी

बसाप्पाअण्णांच्या दुकानात चिमटा घ्यायचा असेल तर गिऱ्हाइकाला आधी जमिनीवर उकिडवं बसावं लागे. समोर खिळ्यांचं पोतं. "ही तुमची शेगडी समजा. आता कोळसा उचला," असं अण्णा फर्मावत. गिऱ्हाईक मुकाट्यानं हवेतला कोळसा उचली. अण्णा मान तिरकी करून त्याचा खांदा, कोपर, गुडघा न्याहाळत आणि वीस-पंचवीस चिमट्यांतून एकच काढून देत. दुसरा मागितला तर मिळत नसे. "मला नगा इचारू, हाताला इचारा," हे त्यांचं पालुपद.

शिवाजी पेठेतल्या त्या लोखंडी सामानाच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो जळगावहून बदली होऊन आल्यावर. मी सरकारी कारकून, सडाफटिंग आणि स्वभावानं घुम्या. रॉकेलला तास तास रांग, म्हणून शेगडी बरोबर आणली होती. माझे मामा चिनी मातीच्या बरण्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. त्यांनी जाड भिंतीची, वर झाकण आणि खाली हवेला भोक असलेली एक गोल शेगडी माझ्यासाठी भाजून दिली होती. दिसायला थेट बरणी. सामान उतरवताना टांगेवाल्यानं विचारलंच, "कैरीचं का लिंबाचं?" पण एकदा तापली की दोन तास धग धरायची. त्यावर वांगं भाजून भरीत करावं, एवढीच माझी कोल्हापूरकडून अपेक्षा होती.

कचेरीच्या सवयीनं मी यादी करून नेली होती. अण्णांनी ती वाचली, कानावरची पेन्सिल काढली आणि फुल्या मारायला सुरुवात केली.

"सहा सळ्या कशापायी? वांगं काय पळून जातंय? पितळी मुठीचा पंखा? घरात पुठ्ठा न्हाई व्हय?" राखेच्या पळीवर मात्र ते थांबले. "ही पायजे. राख साचली की वारा मिळत न्हाई." घट्ट झाकणाचा डबाही त्यांनी स्वतःहून काढला. उरलेले कोळसे त्यात कोंडले की विझतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतात, हे मला तेव्हा कळलं.

मग आली जाळी.

"खानारी किती?"

"एक."

"एक म्हंजे?"

"म्हणजे मीच."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "एकट्याची जाळी आमी ठेवत न्हाई."

त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला बशीएवढी एक जाळी चक्क लटकत होती. मी बोट दाखवलं.

"ती इकायची न्हाई. पावणं, ही चौघांची घ्या. चार वांगी बसत्यात."

"चार वांगी मी कुणाला घालू?"

"ते मला काय इचारता? शेजारी हाईत की!"

लुच्चा दुकानदार, असं पुटपुटत मी ती मोठी जाळी काखोटीला मारून घरी आलो. अर्धी यादी त्यानंच कापली होती, हे रागात ध्यानात आलं नाही.

पण त्या जाळीवर एकटं वांगं इतकं केविलवाणं दिसायचं, की चौथ्या दिवशी मी चार भाजली आणि भरीताचं पातेलं शेजारी दस्तगीरभाईंकडे नेऊन दिलं. दस्तगीरभाई गाद्या शिवायचे. कोल्हापुरात पातेलं रिकामं परत येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्यात तांबडा रस्सा आला. पुढच्या रविवारी दस्तगीरभाई, भाभी आणि त्यांची म्हातारी आई मटण घेऊन माझ्या अंगणात शेगडीभोवती हजर झाली. मला धरून चौघं झालो. मी तापानं पडलो तेव्हा त्या म्हातारीनं आठ दिवस पेज पाजली. घरच्या माणसांनी करावं ते त्यांनी केलं, आणि याचं मूळ त्या जाळीत होतं. म्हणून मी अण्णांना जेवायला बोलावलं.

"बगू की," अण्णा म्हणाले, आणि आले नाहीत. तीनदा बोलावलं, तीनदा "बगू की". मला राग आला. मोठा शहाणा समजतो स्वतःला, म्हटलं.

एका दुपारी पळीची मूठ निखळली म्हणून दुकानात गेलो. अर्धी फळी लावलेली होती. मी वाकून आत डोकावलो. अण्णा उकिडवे बसले होते. समोर डबड्याची शेगडी, तिच्यावर ती बशीएवढी जाळी, आणि जाळीवर एकच भाकरी गरम होत होती. मला पाहताच त्यांनी भाकरीवर ताट पालथं घातलं. "काय मोडलं?" एवढंच विचारलं. मीही पळीच पुढे केली.

संध्याकाळी दस्तगीरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "मालकीण जाऊन सा वर्सं झाली. पोरी बेळगावकडं दिल्यात. घरात चूल पेटत न्हाई, साहेब."

"मग मी बोलावतो तर येत का नाहीत?"

"आवो, अण्णा लिंगायत! तुमची जाळी आमी मटणाची केली की. तोंडानं कसं सांगतील?"

मला माझीच लाज वाटली. यादी करणारा कारकून मी, आणि एवढं साधं माझ्या यादीत नव्हतं. सोमवारी मटण बंद, हे दस्तगीरभाईंनीच ठरवलं. भाभींनी शेगडी राखेनं तीनदा घासली. मी दुकान गाठलं.

"अण्णा, नवी जाळी द्या. नुसत्या भरीताची. मटणाला कधी लागणार नाही अशी."

"खानारी किती?"

"पाच."

अण्णांनी बोटांवर मोजलं. "तुमी, दस्तगीर, त्याची बायकू, म्हातारी. चार झाली. पाचवा कोन?"

"तुम्ही."

अण्णा पाठ फिरवून बराच वेळ जाळ्या खालीवर करत राहिले. मग सगळ्यात मोठी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ही घ्या. पाच जनांत आनि एखादा येतोय," म्हणाले.

सोमवारी ते आले. धुतलेलं धोतर, हातात हिरव्या मिरच्यांची पुडी. म्हातारीला उकिडवं बसवून तिच्या हाताला चिमटा आखूड पडतो की काय तेही पाहिलं. भरीत दोनदा मागून घेतलं.

पुढच्या आठवड्यात दुकानात गेलो तर डोक्यामागचा खिळा मोकळा.

"अण्णा, ती लहान जाळी?"

"मोडीत घातली," अण्णा पेन्सिल शोधत म्हणाले. "उगं जागा आडवत हुती."