उभारी मंडळाची उतरंड

इंदूताईंना सकाळच्या चहाआधी तीन गोष्टींचे आभार मानावे लागत. चहा त्याच करत, पातेलं त्यांचं, घरही त्यांचंच. पण त्यांच्या कपावर राघवेंद्रचा हात असे.

"बोल आई, आज कशाकशाबद्दल कृतज्ञ आहेस?"

"तू हात काढलास तर तुझ्याबद्दल. चहा गार व्हायलाय, राघू."

राघवेंद्र पूर्वी फिजिक्सचा क्लास घेई. पण लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, मोठ्या क्लासवाल्यांनी गाड्या पाठवून पोरं उचलली, तेव्हा त्याने पोरांचा नाद सोडला आणि मोठ्या माणसांना नेतृत्व शिकवायला घेतलं. त्याच्यासारखे आणखी सात-आठ जण गावात निघाले. शिकायला कुणीच येत नव्हतं, म्हणून ते एकमेकांनाच शिकवत. मंडळाचं नाव 'उभारी'. दर रविवारी सगळे इंदूताईंच्या पुढच्या खोलीत जमत, संकटात खंबीर कसं राहावं ते एकमेकांना सांगत, आणि मग गोल बसून एकमेकांचे आभार मानत. मागच्या रविवारी विरूपाक्षने आनंदराजचे आभार मानले होते, कारण आनंदराजने पंखा एकने कमी केला होता.

या उभारीपायी इंदूताईंचा पलंग मागच्या खोलीत ज्वारीच्या कोठीला चिकटून गेला. टीव्ही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. सून देविका शहाणी. ती दर रविवारी सकाळीच माहेरी सटके. इंदूताईंना कुठलं माहेर? त्या कोठीशेजारी पडून आपल्या मालिकेत आज काय झालं असेल याचा अंदाज बांधत.

त्यामुळे अशा सगळ्या मंडळांच्या वरच्या, नांदेडच्या मालविका मॅडम येऊन साऱ्या मराठवाड्याचा एक प्रमुख निवडणार, आणि त्या प्रमुखाला औसा रोडवर वेगळा हॉल मिळणार, हे कळलं तेव्हा इंदूताईंनी मनापासून देवाला हात जोडले. "माझ्या राघूला प्रमुख कर, आणि ही सगळी वरात औसा रोडला ने."

मॅडम यायच्या त्या रविवारी सकाळी राघवेंद्र पुढच्या खोलीत, दाराशेजारच्या कोपऱ्यातल्या उतरंडीपाशी येऊन थांबला.

"आई, ही आज तरी काढ."

परातीत पालथा तांब्या, तांब्यावर वाटी, वाटीवर फुलपात्र, फुलपात्रावर पितळी गडू. भूकंपाच्या साली लातुरात घरोघरी अशा उतरंडी होत्या. त्या वर्षी लोक गणपती बोळवून दमून झोपले होते, आणि पहाटे जमिनीनेच गदागदा हलवून उठवलं. त्यानंतर कितीतरी दिवस सगळं गाव मैदानात निजलं. मग घरात परतताना बायकांनी दाराशी भांडी रचली. जमीन जराशी हलली की गडू परातीत, आणि माणसं बाहेर. बाकीच्यांनी वर्ष-दोन वर्षांत भांडी मांडणीवर ठेवली. इंदूताईंनी ठेवली नाहीत.

"मी खंबीर मन शिकवतो आणि दाराशी भीती रचून ठेवलीय. मॅडम काय म्हणतील?"

"त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू दे. उतरंड हलायची न्हाई. झाकते पाहिजे तर."

आणि त्यांनी 'भीती सोडा, उभारी धरा' लिहिलेला उभा फलक ओढून उतरंडीपुढे आणला. काही दिसेना. दोघांचंही समाधान झालं, हे त्या घरात क्वचितच घडे.

मालविका मॅडम वेळेवर आल्या. मूळच्या मुंबईच्या, लग्न होऊन नांदेडला आलेल्या. आवाज मऊ आणि ओढणी लांब. निलंग्याचा विरूपाक्ष, नायगावचा आनंदराज आणि बाकीचे गोल बसले. आनंदराज देहाने भरदार. हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला म्हणण्यापेक्षा खोचला होता. इंदूताई स्वयंपाकघरात कांदाभजी तळत होत्या आणि कान पुढच्या खोलीत होता.

"आज आपण या भूमीचे आभार मानू," मॅडम म्हणाल्या. "डोळे मिटा. पाय जमिनीवर आपटा. म्हणा, हे भूमी, तू मला धरून आहेस!"

दबकत दबकत पाय वाजले.

"अजून जोरात! मनातली सगळी भीती जमिनीत जाऊ दे!"

प्रमुखपदावर डोळा होता प्रत्येकाचा. मागे कोण राहील? राघवेंद्र आपटू लागला, विरूपाक्ष त्याच्या वर, आणि आनंदराजने तर खुर्चीसकट उड्या घेतल्या. फरशी दणाणली. इंदूताईंच्या हातातला झारा थबकला. 'अगं बाई,' त्या मनात म्हणाल्या, 'हे मेले माझी उतरंड...'

खण्ण! खळ्ळ! गडू परातीत पडला, फुलपात्र घरंगळलं, वाटीने गिरक्या घेतल्या, आणि वरून 'भीती सोडा' सगळ्यांच्या अंगावर आलं.

हा आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला, त्यांच्या कानातून तो डोक्यात जात नाही, थेट पायात जातो. "आला!" विरूपाक्ष ओरडला आणि इंदूताईंनी नुकतीच आणून ठेवलेली भज्यांची परडी छातीशी धरून दाराबाहेर झाला. राघवेंद्रने आनंदराजला ओलांडून उडी मारली. आनंदराज उठला तर खुर्चीही उठली. तो तिला कमरेला घेऊनच धावला. दारात खुर्ची अडकली, मागच्या सगळ्यांनी रेटा दिला, आणि उभारी मंडळ एका दमात गल्लीत येऊन पडलं.

इंदूताई समोरच्या ओट्यावर उभ्या होत्या. गॅस बंद, मेन स्विच बंद, कंबरेला किल्ल्या, पायात चपला.

"आई! तू कधी आलीस बाहेर?"

"तुमच्या आधी, मागच्या दारानं. तुम्ही भूमीचे आभार मानत होता ना." त्यांना सगळं ठाऊक होतं, पण आवाज झाल्यावर पाय काही विचारत बसले नाहीत.

समोरून शेजारीण दानम्मा धावत आली. "अय्यो इंदुअक्का, आला का गं? चला रे भायेर सगळे!" तिच्या हाकेने गल्ली रिकामी झाली. कुणी अर्धी दाढी केलेला, कुणी केसांना मेंदी लावलेली.

"मला लई जोरात कळलं," एक शेजारी म्हणाला. "पंखा असा हलत होता!"

"चालू असंल की मेल्या," दानम्मा म्हणाली.

तिचा फोन वाजला. निलंग्याहून भाऊ विचारत होता, लातूर आहे की गेलं. खबर तिकडे पोचलीही होती.

आत जायला कुणी तयार होईना. कुणी सतरंजी आणली, दानम्माने ओट्यावरच शेगडी मांडून चहा ठेवला, आणि विरूपाक्षच्या परडीतली भजी फिरू लागली. मग त्या सालच्या गोष्टी निघाल्या.

"दानम्मा तवा नवी नवरी," इंदूताई म्हणाल्या. "मैदानात सासऱ्याशेजारी झोपायची लाज वाटायची हिला. रात्रभर बसून राहायची."

"तुम्हीच लुगड्याचा आडोसा केला की अक्का माझ्यासाठी. कधी बोलले न्हाई मी, पण तवापास्नं रोज सांजच्याला तुमचं नाव घेते."

विरूपाक्ष भजं हातात धरून थांबला. "काकू, त्या साली मी इथं मामाकडं होतो. तुम्ही मला राघूच्या ताटात जेवू घालायच्या. लई उपकार झाले तुमचे."

"आणि तू सगळी पोळी खायचास," राघवेंद्र म्हणाला. "मला अजून राग आहे." पण त्याचे डोळे ओले झाले होते. उभारी मंडळात इतक्या रविवारी कुणाचे झाले नव्हते. दोघे शेजारी आनंदराजची खुर्ची ओढत होते, आणि तो त्यांचे मनापासून आभार मानत होता.

आणि मग दारात मालविका मॅडम दिसल्या.

त्यांना सगळे विसरलेच होते! त्या आत डोळे मिटून भूमीचे आभार मानत राहिल्या होत्या. आवाज झाला तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी ध्यानाची घंटा वाजवली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तर खोली रिकामी, मधोमध वाटी पडलेली.

राघवेंद्रचा चेहरा उतरला. इंदूताईंच्या डोळ्यांपुढून औसा रोडचा हॉल तरंगत निघून गेला.

मॅडमनी सतरंजी बघितली, चहा बघितला, डोळे पुसणारी दानम्मा बघितली.

"राघवेंद्र," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही घडवून आणलंत? भांड्याच्या एका आवाजात अख्खी गल्ली एकत्र?"

राघवेंद्र खरं सांगायला तोंड उघडणार, तोच इंदूताईंनी त्याच्या पायावर चप्पल ठेवली आणि दाबली. "मग! त्यानंच," त्या म्हणाल्या.

"मी पुण्यात पाहिलं, बंगळुरात पाहिलं, पण असं सत्र कुठं नाही. प्रमुख तुम्हीच." टाळ्या पडल्या. इंदूताईंनी सर्वांत जोरात वाजवल्या. "आणि औसा रोडच्या हॉलमध्ये ही मजा नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "यापुढे सगळी सत्रं इथंच. या खोलीत. या भांड्यांसकट."

इंदूताईंच्या टाळ्या हवेतच राहिल्या. त्यांना ज्वारीचा वास यायला लागला. पण ज्या बाईने कितीतरी दिवस मैदानात संसार मांडला, ती एका मॅडमपुढे किती वेळ गप्प बसणार?

"बसवा की," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, उतरंडीला राखण लागते. एकटी ठेवली तर मांजर पाडतं."

"राखण कोण करतं?"

"मीच. इतकी वर्षं. आणि राखण करणाऱ्याला जवळ पलंग लागतो. या वयात उभं कुठवर राहणार?"

"अर्थातच! पलंग हवाच."

"आणि नुसतं पडलं की डोळा लागतो बघा. जागं राहायला टीव्ही लागतो."

राघवेंद्रने आईकडे पाहिलं. आईने त्याच्या पायावरची चप्पल अजून उचलली नव्हती.

"टीव्हीही हवा," प्रमुख म्हणाले.

पुढच्या रविवारी उभारी मंडळ डोळे मिटून बसलं. मधोमध पलंगावर उशीला टेकून इंदूताई राखण करत होत्या. मालिकेतली सासू आवाज चढवून बोलत होती. आवाज कमी करा म्हणायची खंबीरता मंडळात अजून कुणाला आली नव्हती.

"आई," राघवेंद्र अजिजीने म्हणाला, "आता तुझी पाळी. तीन गोष्टी सांग."

"पलंग," इंदूताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "टीव्ही. आणि तिसरी जाहिरात लागली की सांगते."