पोचेची पोच

सोमवार, १४ सप्टेंबर १९९८. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सिल्वासातल्या एका केंद्र सरकारी उपकार्यालयाची ई-मेलची पेटी भरली.

आलेल्या पत्राची त्याच दिवशी पोच द्यावी, यावर राज्यकारभार उभा आहे. हेडक्लार्क अनंत शिरधनकर यांनी सव्वीस वर्षांत एकही पोच चुकवली नव्हती (लग्नाच्या दिवशीची सासऱ्यांनी पोस्टात टाकली). जूनमध्ये कचेरीत ई-मेलची सोय आली. पहिलं पत्र अनंतरावांनी स्वतःचंच धाडलं: रत्नागिरीला बदली मिळावी, पत्नी नऊ वर्षं तिथल्या शाळेत शिक्षिका आहे. मुंबईच्या मुख्यालयातून, तिथला पत्रव्यवहार पाहणाऱ्या सुनंदाबाईंची पोच आली. पोच हेही पत्रच. अनंतरावांनी तिची पोच दिली. सुनंदाबाईही शिस्तीत कमी नव्हत्या. (तीन महिन्यांत आवक ५१२, जावक ५१२, मजकूर एक.)

कचेरीचा कॉम्प्युटर चालवणाऱ्या, जवळच्याच आमली गावच्या भावेशने समजावून पाहिलं होतं. दोन यंत्रं आधी नमस्कार करतात, कोणाकडून, कोणासाठी ते विचारतात, मजकूर घेतात आणि 'मिळाला' म्हणतात.

"बस, साहेब. त्या 'मिळाला'ला कोणी जवाब देत नाही."

अनंतरावांना यंत्रांचा हा उद्धटपणा खटकला.

सोमवारी दुपारी सुनंदाबाईंचा फोन आला. रत्नागिरीची जागा निघाली होती. शुक्रवारी पाचपर्यंत लेखी होकार हवा होता. पण विचारणेचं पत्र, पेटी भरल्यामुळे, परत आलं होतं.

"मग आत्ताच हो लिहून पाठवतो, बाई."

"कशाच्या उत्तरादाखल, अनंतराव? पत्र तुम्हाला मिळालेलंच नाही."

मुद्दा बिनतोड होता. तो आपल्याला आधी सुचला नाही, याचंच अनंतरावांना वाईट वाटलं.

भावेश पेटीतल्या जुन्या पोचा पुसून टाकायला निघाला. अनंतरावांनी त्याचा हात धरला. आवक कागद तीन वर्षं जपायचा असतो. त्यांनी मुख्यालयाकडे पोचा नष्ट करण्याची परवानगी मागितली, अर्थातच ई-मेलने. जाणारी वाट मोकळी होती.

शुक्रवारी दुपारी रत्नागिरीहून पत्नीने फोनवर विचारलं, अडलंय कुठे?

"माझ्यापाशीच," अनंतराव म्हणाले, आणि कचेरीत प्रथमच हसले. "मीच दारात बसलोय."

पावणेपाचपर्यंतची माहिती अशी: परवानगी मंजूर झाली आहे. ती ई-मेलने पाठवली आहे. पेटी भरल्यामुळे ती परत गेली आहे. तिच्यामागे, अनंतरावांना साधा उपाय सुचवणारी इतर कार्यालयांतल्या जाणत्यांची सदतीस पत्रं रांगेत आहेत. अडतिसावं आपलं असेल, तर जरा थांबावं.