साळूबाईचा ताण आणि महाराजांचं गळू

पोरांनो, या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर माझी अर्धी मिशी कापून देतो. आजवर दोन्ही बाजू शाबूत आहेत, बघून घ्या.

तर एका जंगलात एक दवाखाना होता. खाटा चाळीस, सिस्टर एक. साळूबाई साळिंदर. काटे अंगचेच, त्यामुळं सुयांची चणचण नव्हती. चणचण होती हातांची.

इकडून अस्वल ओरडायचं, "सिस्टर, सलाईन संपलं!" तिकडून माकड, "सिस्टर, पाठ खाजवा!" बाईला घास गिळायला फुरसत नाही. एकदा तर तिनं थर्मामीटर स्वतःच्याच तोंडात धरला आणि ताप कोल्ह्याच्या नावावर लिहिला.

शेवटी ती सिंहमहाराजांकडे गेली. "महाराज, मला एक जोडीदारीण द्या. नाहीतर मीच आडवी होईन. मग एक्केचाळिसावी खाट लागेल."

"ताण आहे म्हणतेस? मग त्याचा अभ्यास करायला पाहिजे."

"अभ्यास कशाला? दोन हात द्या की!"

हात नाही आले. बगळा आला. शिकलेला. एका पायावर उभा राहून म्हणला, "बाई, ताण किती? एक ते दहा सांगा."

"दहा."

"नीट विचार करून सांगा."

"अहो बाजूला व्हा, हरणाला उलटी होतेय!"

बगळ्यानं लिहिलं, बाई चिडखोर.

सहा महिन्यांनी निकाल लागला. साळूबाईला ताण आहे. उपाय काय, तर शिबिर. रोज तासभर डोळे मिटून एका पायावर. मधे हललं की नोकरी गेली. महाराजांनी खाली पंजा उमटवला.

पहिल्याच दिवशी महाराज लंगडत आले. बुडावर गळू, लिंबाएवढं.

"साळूबाई, फोड गं लवकर!"

साळूबाई तीन पाय वर करून उभी. "हलले तर नोकरी जाते, महाराज. पंजा तुमचाच आहे."

"बगळ्या, सोड तिला!"

"सोडतो की. पण सहा महिन्यांचा अभ्यास पाण्यात जाईल. त्यापेक्षा कळ येतेय ना? तुम्हीपण राहा उभे. एका पायावर."

चाळीस पेशंट टकामका बघत होते. राजा नाही कसं म्हणेल? उभे राहिले. डुलले. आणि साळूबाईवर धपकन बसले.

गळू फुटलं हो! पण काटे आत गेले, मुळापर्यंत.

साळूबाई चिमट्यानं एकेक काटा उपटायची आणि दर काट्याला विचारायची, "महाराज, किती दुखतंय? एक ते दहा सांगा." आणि हसायची. किती वर्षांनी हसत होती बिचारी.

बगळ्यानं ताबडतोब लिहून घेतलं, बाई हसली. उपाय लागू पडला. जोडीदारणीची गरज नाही.

तात्पर्य: दमलेल्याला हात देऊ नये, एका पायावर उभं करावं. तो आपोआप हसतो. आमचे महाराज तेवढे तेव्हापासून दरबार उभ्यानंच भरवतात. चारही पायांवर.