खात्यापित्या लिव्हरचे आप्पा

आपल्या लिव्हरला चरबी आहे ही बातमी पेढे वाटल्यासारखी गावभर सांगणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी किसनआप्पा.

कारेगावात आमची भिंतीला भिंत. कामालाही दोघं एकाच कारखान्यात. ते पॅकिंगला, मी स्टोअरला. एकदा कंपनीनं सगळ्यांची तपासणी केली आणि आप्पांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टरांनी वजन उतरवा, तेलतूप कमी करा म्हणून बजावलं. आप्पांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. "खात्यापित्या घरचं लिव्हर हाय," ते कँटीनमध्ये सांगायचे. "तुमची वाळून गेल्याली आसत्याल."

वडगाव रासाईपासून राहूपर्यंत कुणाचं लग्न असो की बारसं, आप्पा हजर. रश्श्यावर तवंग नसला की "ह्ये गढूळ पाणी हाय" म्हणून वाटी बाजूला सारायचे. पंगतीतून उठायचे सगळ्यात शेवटी. वाढपी पातेली उचलायला लागले तरी हे बुंदी वेचत बसलेले. दारूला मात्र कधी शिवले नाहीत.

एका रविवारी साखरपुड्याहून आले आणि ओट्यावरच वाकून बसले. पोटातली कळ पार पाठीत जात होती. "गॅस हाय," म्हणत त्यांनी सोडा मागवला. प्यायलेला सोडा तसाच उलटून पडला. मग घामानं सदरा भिजला आणि आप्पा बोलायचे थांबले. त्यांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटली ती त्याचीच. जीप ठरवून त्यांना शिरूरच्या दवाखान्यात नेलं.

"दारू किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

तसल्या कळांतही आप्पा कोपरावर उठले. "थेंब न्हाई. पायजे तर त्वांड हुंगून बघा."

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं. पित्ताचा खडा नळीत अडकला होता आणि त्यानं स्वादुपिंडाला सूज आली होती. "बऱ्याच जणांना आपोआप उतार पडतो," ते म्हणाले. "पण यांचं वजन बघा, लिव्हरवर चरबी. अशा माणसांत ही सूज जास्त भडकताना दिसते. मग किडनी धरते, फुप्फुसं धरते. लघवी वाढली नाही तर पुण्याला हलवावं लागेल. घरच्यांना बोलवा."

आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मीच थांबलो.

तोंडानं काही द्यायचं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. मी कॉटखालच्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसलो. तळाला जरासं, काळ्या चहासारखं. सिस्टर यायची, वाकून बघायची, निघून जायची. दुसऱ्या दिवशी आप्पांना धाप लागली, ऑक्सिजन लावला. दारात अॅम्ब्युलन्स येऊन उभी राहिली. "संध्याकाळपर्यंत वाट बघू," डॉक्टर म्हणाले. "त्यापुढं नको."

आप्पांचे डोळे मिटलेले. हाका मारल्या तर नुसता हुंकार.

उन्हं कलताना सिस्टर पुन्हा वाकली, आणि या वेळी जरा जास्त वेळ वाकून राहिली. "उतरतीय," ती म्हणाली. मीही खाली बसून पाहिलं. पिशवीतलं पाणी वर चढत होतं, रंगही निवळला होता. अॅम्ब्युलन्स रिकामी परत गेली.

पुढं ऑक्सिजन निघाला, तरी खाणं बंदच होतं. माझ्या बायकोनं पाठवलेला डबा घेऊन मी व्हरांड्यात निघालो. उपाशी माणसासमोर कसं जेवायचं? आप्पांनी माझं मनगट धरलं.

"हितंच बसा की."

"वास येईल तुम्हाला, आप्पा."

"यिऊ द्या."

मी स्टुलावर डबा उघडला. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी. आप्पांनी डब्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घाई करू नगा," ते म्हणाले. "घरी मी भाकरी हातावर घिऊन उभ्या उभ्याच खातो. समोर कुणी न्हाई, तर बसून जेवाय जमतच न्हाई बगा."

मी पुढचा घास मोडला तो लहानच मोडला.